हातोडा आणि जीभ

२००४ सालच्या मे महिन्यात फ्रान्समधील कान या सागरतीरीच्या शहरी भरलेल्या चित्रपट महोत्सवात पार्क चान-वूक या कोरियन दिग्दर्शकाच्या 'ओल्डबॉय' या चित्रपटास 'ग्राँ प्री' हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान देण्यात आला. परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद त्या वर्षी अमेरिकन दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनो यांच्याकडे होते. त्यांच्या स्वतःच्या 'किल बिल' या सूडकथेचा दुसरा भाग नुकताच पडद्यावर आला होता. तेव्हा एका सूडकथेस दुसऱ्या सूडकथाकाराने दाद दिली, यात कोणास फारसे नवल वाटले नसावे. नवल वाटावे ते पुढे जे घडले त्याचे. परक्या भाषेतला, खालची अक्षरे वाचत वाचत पाहावा लागणारा, आणि शेवटी उच्चारूही नये अशा रहस्यापाशी आणून सोडणारा हा चित्रपट लंडन-न्यूयॉर्कच्या तरुणांच्या खोलीतील भिंतींवर जाऊन बसला. विद्यापीठांतील अभ्यासकांनी त्यावर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली. २०२३ साली, वीस वर्षे झाली म्हणून, त्याची उजळून काढलेली प्रत अमेरिकेतील चित्रगृहांत पुन्हा लागली आणि चित्रपट प्रथम आला तेव्हा पाळण्यात असलेली मुले तिकिटे काढून आत गेली.

पश्चिमेच्या प्रेक्षकाला या काळोख्या कथेत असे काय गवसले? आणि जे गवसले तेच त्या कथेचे मर्म आहे काय? हे दोन प्रश्न आमच्या मनात बरीच वर्षे घोळत आहेत.

प्रथम कथा सांगणे भाग आहे, आणि ती शेवटासकट सांगावी लागणार आहे. कारण आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते शेवटातच आहे. ज्या वाचकांना चित्रपट पाहावयाचा असेल त्यांनी येथेच थांबावे. एक सूचनाही देऊन ठेवतो: हा चित्रपट मुलाबाळांत बसून पाहण्याचा नव्हे. पुष्कळ प्रौढांनाही तो सोसवणार नाही, आणि न पाहिल्याने कोणाचे काही अडत नाही.

१९८८ सालची एक पावसाळी रात्र. ओ दे-सू नावाचा एक सामान्य गृहस्थ दारू पिऊन दंगा केल्याबद्दल पोलीस चौकीत बसला आहे. त्याच्या धाकट्या मुलीचा तो वाढदिवस, आणि तिच्यासाठी घेतलेले खेळण्यातले देवदूताचे पंख त्याच्यापाशी आहेत. तो सारखा बोलतो आहे. चौकीतल्या प्रत्येकाशी, भिंतीशी, स्वतःशी. मित्र येऊन त्याला सोडवतो, आणि रस्त्यावरच्या दूरध्वनीवर घरी बोलणे चालू असता दे-सू नाहीसा होतो. तो जागा होतो एका खोलीत. खोलीला खिडकी नाही. एक पलंग, एक दूरचित्रवाणी संच, आणि दाराखालच्या फटीतून रोज येणारे तळलेले मांदू, म्हणजे आपल्या करंजीच्या कुळातले एक खारे पक्वान्न. ही खोली त्याला पंधरा वर्षे पुरते. कोणी कोंडले, कशासाठी, किती काळासाठी, काहीच कळत नाही. बायकोचा खून झाल्याचे आणि त्याचा आळ आपल्यावर आल्याचे वृत्त तो त्या संचावरच पाहतो. पुढे एके दिवशी, तितक्याच अकारण, त्याला सोडून देण्यात येते. मि-दो नावाची एक तरुण मुलगी त्याला आश्रय देते. दोघांचे प्रेम जमते. आणि ज्याने कोंडले त्याचा शोध सुरू होतो.

शोधाच्या शेवटी ली वू-जिन नावाचा एक देखणा, श्रीमंत मनुष्य उभा असतो. दोघे एका शाळेत होते. शाळकरी वयात दे-सूने वू-जिनला त्याच्या सख्ख्या बहिणीशी नको त्या अवस्थेत पाहिले होते, आणि गाव सोडून राजधानीस जाण्यापूर्वी ती गोष्ट तो एका मित्रापाशी बोलून गेला होता. बोलला आणि विसरला. मागे कुजबूज पसरली. ती मुलगी गरोदर आहे, असेही बोलले जाऊ लागले. तिने धरणावरून उडी टाकली. पंधरा वर्षांची कोठडी ही वू-जिनच्या सुडाची केवळ पूर्वतयारी होती. मि-दो ही दे-सूचीच मुलगी. संमोहनाच्या साहाय्याने दोघांना एकत्र आणलेले. वू-जिनला जे भोगावे लागले तेच दे-सूच्या पदरात घालण्यात येते.

आता हे सारे वाचून आमचा एखादा वाचक कपाळाला हात लावील, आणि ते गैर नाही. पण याच कथेला पश्चिमेने डोक्यावर घेतले हे सत्य आहे, आणि त्याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत.

पहिले कारण असे, की दिसावयास परकी असली तरी ही कथा त्यांना परकी नव्हती. निरपराध कोंडला गेलेला आणि सुटल्यावर सूड घेणारा मनुष्य त्यांनी एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर द्यूमाच्या 'माँटे क्रिस्टो'मध्ये भेटलेला होता. अजाणता रक्ताच्या नात्याची मर्यादा ओलांडणारा आणि सत्य कळताच स्वतःच्याच शरीरावर घाव घालणारा राजा इडिपस तर ग्रीकांपासूनचा. कोठडीतल्या भिंतीवरील चित्राखाली एला व्हीलर विल्कॉक्स या अमेरिकन कवयित्रीच्या ओळी आहेत. दात उपटण्याच्या भीषण प्रसंगी मागे विवाल्दीचा 'हिवाळा' वाजतो. युरोपच्या घरातलेच सामान, केवळ मांडणी सोलची. पाहुण्याच्या घरी जावे आणि ओसरीवर आपल्याच आजोबांची खुर्ची दिसावी, तसे त्यांचे झाले.

दुसरे कारण व्यापारी आहे, आणि ते आम्ही हातात धरून पाहिले आहे. आमचा एक भाचा त्या काळी लंडनला नोकरीस होता. नाताळच्या सुटीत घरी येताना त्याने चित्रपटांच्या तबकड्यांचा एक गठ्ठा आणला. त्यात 'ओल्डबॉय' होता. वेष्टनावर 'एशिया एक्स्ट्रीम' असा शिक्का होता. टार्टन नावाच्या एका ब्रिटिश वितरण संस्थेने २००१ सालापासून जपान, कोरिया, हाँगकाँग येथील भयपट, सूडपट, रक्तपट या एकाच शिक्क्याखाली विकावयास काढले होते. भुताची गोष्ट, पोलिसी गोष्ट, शोकांतिका, सारे एका टोपलीत; आणि टोपलीवर लिहिलेले, की आशियात असे असते! मिरचीच्या गोणीवर केवळ 'तिखट' लिहावे, जात सांगू नये, असा हा प्रकार. २००८ साली ती संस्था बुडाली, परंतु तिने लावून दिलेली नजर काही बुडाली नाही.

त्या नजरेला 'ओल्डबॉय'मध्ये दोन गोष्टी प्रथम दिसल्या. एक म्हणजे जिवंत ऑक्टोपस. सुटल्यानंतर दे-सू एका खानावळीत जिवंत प्राणी मागतो आणि हातापायाशी वळवळणारा तो जीव दातांनी तोडतो. त्या एका दृश्यासाठी चार ऑक्टोपस लागले. अभिनेते चोई मिन-सिक बौद्धधर्मीय. प्रत्येक जिवाची क्षमा मागून त्यांनी ते दृश्य दिले. दुसरी गोष्ट म्हणजे हातोडा. एका अरुंद बोळात दे-सू एकटा, हाती हातोडा, आणि समोर वीसएक गुंड. कॅमेरा बाजूने सरकत राहतो, कोठेही तोडजोड नाही. तीन दिवस खपून, सतरा वेळा प्रयत्न करून ते दृश्य मिळविलेले. येथे वीरश्री मुळीच नाही. माणसे धापा टाकतात, पडतात, दमून उभी राहतात, पाठीत सुरा रुतलेला नायक उठून पुन्हा हातोडा उचलतो. आमच्या भाच्याने हे दृश्य आम्हांस तीनदा दाखविले. त्यानंतर पश्चिमेच्या कित्येक चित्रपटांत आणि मालिकांत आम्हांस तो बोळ भेटला आहे. हातोडा हे त्या चित्रपटाचे चिन्हच होऊन बसले.

न्यूयॉर्कमधील एका ज्येष्ठ समीक्षकाने तर असा सूर लावला होता, की किमचीवर पोसलेल्या राष्ट्राकडून याहून वेगळे काय अपेक्षावे! कोबीच्या लोणच्यावरून एका राष्ट्राच्या कलेची परीक्षा! त्यावर पुष्कळ गदारोळ झाला आणि तो योग्यच होता. पण आम्हांस वाटते, तुच्छतेने नाक मुरडणारा तो समीक्षक आणि भारावून टाळ्या देणारा प्रेक्षक हे दोघे एकाच खिडकीतून पाहत होते. दोघांनाही दिसत होते ते आशियाचे रानटीपण. एकाला ते नकोसे, दुसऱ्याला हवेसे. सगळेच तसे होते असे मात्र नव्हे. शिकागोचे रॉजर ईबर्ट यांनी चार तारे देऊन, चित्रपटाचे बळ तो काय दाखवितो यात नसून मानवी अंतःकरणाचा तळ उघडा करण्यात आहे, अशा आशयाचे लिहिले. उघड्या डोळ्यांची माणसे सर्वत्र असतात.

खुद्द कोरियातील प्रेक्षकाला काय दिसले असेल? तेथे हा काही कोनाड्यातला चित्रपट नव्हता. २००३ सालच्या नोव्हेंबरात तो लागला आणि तीस लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. त्यांच्यासाठी ती पंधरा वर्षे स्वतःच्या आयुष्यातली होती. दे-सू कोंडला गेला ते वर्ष सोलच्या ऑलिंपिकचे. लष्करी राजवटीच्या पकडीतून देश १९८७ साली नुकता सुटू लागला होता. कोठडीतल्या संचावर राजकुमारी डायनाची अंत्ययात्रा जाते, १९९७ चे आर्थिक संकट येते, न्यूयॉर्कचे मनोरे कोसळतात, २००२ चा फुटबॉलचा विश्वचषक येतो. जग पालटत असताना एक मनुष्य ते काचेतून पाहत राहतो. ज्या राष्ट्राला हुकूमशाहीखाली अनेक दशके तोंड मिटून राहावे लागले, ज्याच्या चित्रपटांवरील पूर्वतपासणी घटनाबाह्य असल्याचा निर्वाळा तेथील न्यायालयाने १९९६ साली दिला, त्याला बोलणे आणि गप्प राहणे यांचा अर्थ निराळा लागणार. पश्चिमेचे विद्वान येथे 'हान' हा कोरियन शब्द पुढे करतात. पिढ्यान्‌पिढ्या साचलेले दुःख आणि रोष असा काहीसा त्याचा अर्थ. शब्द खराच आहे. परंतु एका शब्दाची किल्ली करून सारे राष्ट्र उघडू पाहणाऱ्यांचा आम्हांस थोडा संशय येतो. आपल्याकडील 'कर्म' या शब्दाचे त्यांनी काय केले हे आपण पाहिलेच आहे.

येथून आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. 'ओल्डबॉय' ही हातोड्याची गोष्ट नव्हे. ती जिभेची गोष्ट आहे.

चित्रपट पुन्हा पाहिला तर हे पदोपदी दिसते. पहिल्याच प्रसंगात दे-सू बडबडतो आहे. पुढे कोठडीचा मालक सापडतो. माणसांना भाड्याने कोंडून ठेवणे हा त्याचा धंदा. त्याच्याजवळच्या ध्वनिफितीत गिऱ्हाइकाने दिलेले कारण एवढेच, की हा मनुष्य फार बोलतो. कोठडीत असताना दे-सू वह्या भरतो. आपण कोणाकोणाला दुखावले, कोण आपल्यावर एवढा डूख धरील, याची यादी. स्वतःला सर्वसाधारण बरा माणूस समजणाऱ्या त्या गृहस्थाच्या वह्यांमागून वह्या संपतात. पापनिवेदनापूर्वी सदसद्‌विवेकाची तपासणी करावी असे आपल्याला लहानपणी शिकवितात; कोणी सक्तीने पंधरा वर्षे ती करावयास लावली तर कशी होईल, त्याचे हे चित्र आहे. आणि इतक्या वह्यांत ती एक गोष्ट नाही! भांडणे आहेत, बाहेरख्यालीपणा आहे, शाळेच्या मागच्या अंगणात मित्राला सांगितलेले ते चार शब्द नाहीत. वू-जिन त्याला पुढे सांगतो, की तू विसरलास याचे कारण साधे आहे. ती गोष्ट तुझ्या दृष्टीने महत्त्वाचीच नव्हती.

हे वाक्य ऐकून आमच्या काळजात जे झाले ते सांगण्यासारखे नाही. आमच्या वसईकडच्या गावातली एक मुलगी आम्हांस आठवली. पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी शिकलेली, आवाज गोड, सणाच्या मिस्साला गायनवृंदात पुढे उभी राहणारी. लग्न ठरले होते. कोठूनतरी एक शब्द निघाला. विहिरीवर निघाला, बाजारात निघाला, की उपासना आटोपून मंदिराच्या पायऱ्यांवर माणसे रेंगाळतात तेथे निघाला, कोणी सांगू शकत नाही. त्यात तथ्य किती होते तेही कोणी विचारले नाही. मुलाकडच्यांनी निरोप पाठविला. मुलगी परिचारिकेची नोकरी पत्करून आखातात गेली ती गेलीच. आईच्या मयतीला शवपेटी थोडा वेळ थांबवून धरली होती. ती आली नाही. गावात आजही तिचा विषय निघतो तेव्हा लोक हळहळतात, मनापासून हळहळतात. आणि हळहळणाऱ्यांपैकी ते पहिले वाक्य कोणाचे, हे त्या वाक्याच्या धन्यालाही आठवत नसेल. त्याच्या वहीत ते नसेल.

संत फिलिप नेरी यांच्या नावावर सांगितली जाणारी कोंबडीच्या पिसांची गोष्ट वाचकांनी प्रवचनांत ऐकली असेलच. चुगल्या करणाऱ्या बाईला त्यांनी कोंबडीची पिसे रस्त्याने उपटत येण्यास सांगितले आणि मग ती सर्व वेचून आणण्यास सांगितले. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय याच विषयावर आहे. ही शिकवण आपल्याला जुनी आहे, म्हणून ती बोथट झाली आहे. प्रवचनात पिसांची गोष्ट आली, की माणसे प्रसन्न होऊन शेजाऱ्याकडे पाहतात. एका कोरियन दिग्दर्शकाने ती गोष्ट पुन्हा सांगितली आणि पिसांच्या जागी रक्त ठेवले.

हे साम्य केवळ योगायोगाचे नसावे. पार्क चान-वूक यांचा जन्म १९६३ चा, घर कॅथलिक, आणि तत्त्वज्ञानाचे शिक्षण सोलमधील सोगांग विद्यापीठात झालेले. हे विद्यापीठ येशूसंघीयांनी स्थापिलेले. पुढे ते श्रद्धावान राहिले नाहीत. त्यांना आपल्या मांडवात ओढण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. पण श्रद्धा सोडली तरी अपराधाचा हिशोब मागे उरतो, हे त्यांचे चित्रपट पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही. २००९ सालच्या 'थर्स्ट'मध्ये त्यांचा नायक रक्तपिपासू झालेला कॅथलिक धर्मगुरूच आहे. 'ओल्डबॉय'च्या दोन वर्षांनंतर आलेल्या 'लेडी व्हेंजन्स'मध्ये तेरा वर्षे तुरुंगात काढलेली स्त्री बाहेर येते तेव्हा एक उपदेशक गायनवृंद घेऊन तिच्या स्वागतास उभा असतो. त्याच्या हाती पांढऱ्या तोफूची बशी असते; सुटलेल्याने ते खावे आणि पुढे त्याप्रमाणे शुभ्र राहावे, अशी कोरियात रीत आहे. ती बशी ती स्त्री शांतपणे कलती करते आणि तोफू जमिनीवर पडते. त्याच चित्रपटात मुलांचा खून करणाऱ्यास त्या मुलांच्या आईबापांच्या हवाली करण्यात येते. पोलिसांकडे द्यावे की स्वतः शिक्षा करावी, यावर सभा भरते, मत घेतले जाते. अंगावर पावसाळी कोट चढवून एकेक जण आत जातो. नंतर सारे मिळून केक खातात आणि खंडणीची रक्कम परत मिळावी म्हणून आपापले बँक खात्याचे क्रमांक लिहून देतात. सुडाला इतक्या थंडपणे कोणी उघडे पाडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. मात्र पश्चिमेत या चित्रपटाच्या वाट्याला 'ओल्डबॉय'ची लोकप्रियता आली नाही. त्यात बोळ नव्हता.

जीभ ही पार्क यांची स्वतःची भर आहे, याला एक पुरावा आहे. चित्रपटाचा आधार म्हणजे १९९६ ते १९९८ या काळात जपानमध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली एक चित्रकादंबरी. लेखक गारोन त्सुचिया, चित्रे नोबुआकी मिनेगिशी यांची. त्यात कोठडी आहे, ती दहा वर्षांची. पण वैराचे कारण अगदी निराळे. बहीण नाही, कुजबूज नाही, मुलगी नाही. सोलला आणल्यावर त्या सांगाड्यात हा आत्मा घालण्यात आला.

आणि इतरांनी उसने घेताना काय घेतले ते पाहण्यासारखे आहे. मुंबईत २००६ साली 'जिंदा' आला. संजय दत्त, जॉन अब्राहम. हातोडा आला, बोळ आला, ऋणनिर्देश आला नाही. बाप-लेकीची गाठ सोडून देण्यात आली. आपल्या प्रेक्षकासमोर ती ठेवण्याची छाती कोणाची होणार? हे आम्ही समजू शकतो. २०१३ साली स्पाइक ली यांच्यासारख्या मान्यवर अमेरिकन दिग्दर्शकाने रीतसर हक्क घेऊन इंग्रजी 'ओल्डबॉय' काढला. तीन कोटी डॉलर खर्चले आणि पन्नास लाखांच्या आसपास मिळाले. तेथे कोठडी वीस वर्षांची झाली; हातोडा होताच; नात्याचे भयंकर रहस्यही ठेवले. पण शेवटी त्यांचा नायक आपण होऊन पुन्हा कोठडीत जाऊन बसतो. जीभ शाबूत राहिली. चित्रपट का पडला याची कारणे पुष्कळ सांगितली जातात. आमच्या मते त्यांनी घराचे सारे सामान हलविले आणि देव्हारा विसरला.

मूळ चित्रपटात काय होते? सत्य कळल्यावर दे-सू वू-जिनच्या पायांवर लोळण घेतो. तिकडे मि-दोपुढे एक पेटी ठेवलेली असते. ती उघडली की तिलाही सारे कळणार. ती उघडू नये, एवढीच त्याची याचना. तो कुत्र्यासारखा भुंकतो, बूट चाटतो; आणि अखेर कात्री घेऊन स्वतःची जीभ कापतो. ज्या अवयवाने अपराध केला तोच अर्पण करतो. येथे पश्चिमेच्या प्रेक्षागृहांत माणसे डोळे झाकीत, काही हसतही, असे आमचा भाचा सांगे. अतिरेक म्हणून त्यांनी तो सोडून दिला असेल. आम्हांस मात्र त्या क्षणी प्रथमच चित्रपटात सूड थांबलेला दिसला. वू-जिन दूरध्वनी उचलून पेटी बंद राहू द्या असे सांगतो. क्षमा नव्हे ती. पण हात आवरला एवढे खरे. मग तो उद्वाहकात शिरतो. ज्याच्यासाठी जगलो ते पुरे झाले, आता पुढे काय, या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नाही. तो स्वतःवर गोळी झाडून घेतो. हॉलिवूडच्या सूडकथेत खलनायक पडला, की पडदा पडतो आणि प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातो. येथे सूड घेणारा जिंकला, आणि जिंकल्यामुळेच मेला. पश्चिमेतील जाणत्या प्रेक्षकाला ओढ लागली ती याची असावी, असे आम्ही त्यांच्या बाजूने म्हणू.

ओढीची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. २००७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका तरुणाने बत्तीस जणांना ठार केले. तो जन्माने कोरियन होता, आणि त्याने दूरचित्रवाणी कंपनीकडे पाठविलेल्या छायाचित्रांपैकी एकात त्याच्या हाती हातोडा होता. वृत्तपत्रांना 'ओल्डबॉय'चे भित्तिपत्र आठवावयास वेळ लागला नाही. त्याने तो चित्रपट पाहिल्याचा पुरावा पुढे आला नाही. पण काल भिंतीवर लावलेले चित्र आज आरोपपत्र झाले. आधार काय, तर एक हातोडा आणि एक वंश. कुजबुजीच्या बळीची कथा सांगणारा चित्रपट स्वतःच कुजबुजीत सापडला, ही गोष्ट कोणी बोलून दाखविल्याचे आमच्या वाचनात नाही.

त्याच वर्षी कोरियातून आणखी एक चित्रपट कानला गेला होता: ली चांग-दोंग यांचा 'सिक्रेट सनशाइन'. त्यातील आईच्या भूमिकेसाठी जोन दो-योन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला. एका विधवेच्या लहान मुलाचा खून होतो. ती ख्रिस्ताकडे वळते, तिला शांती लाभते, आणि खुन्याला क्षमा करण्यासाठी ती तुरुंगात जाते. तेथे खुनी प्रसन्न मुद्रेने सांगतो, की परमेश्वराने मला केव्हाच क्षमा केली आहे. ती बाहेर येऊन कोसळते. मी क्षमा करण्याआधी देवाने कशी केली, हा तिचा प्रश्न कोणत्याही हातोड्यापेक्षा जड आहे, आणि आम्हां श्रद्धावंतांनी तो उचलून पाहिला पाहिजे. हा चित्रपट अमेरिकेतील चित्रगृहांत पोचावयास २०१० ची अखेर उजाडली. 'ओल्डबॉय'ला तेवढे थांबावे लागले नव्हते.

'ओल्डबॉय'चा शेवट बर्फात होतो. पांढरे शुभ्र रान. न्यूझीलंडला जाऊन ते चित्रित केलेले आहे. दे-सू तेथे संमोहन करणाऱ्या बाईला भेटतो. आपल्याला जे कळले आहे ते विसरावयास लाव, अशी त्याची विनंती आहे. पण ती करावी कशी? जीभ नाही. पूर्वी ज्याचे तोंड क्षणभर मिटत नसे, त्याने सारे कागदावर लिहून आणले आहे. ती बाई बर्फात बसून पाने उलटते. तो समोर मुका बसून आहे. पत्रातल्या शेवटच्या वाक्याने मन द्रवले, म्हणून आपण आलो, असे ती म्हणते. पशूहून हीन झालेल्यालाही जगण्याचा हक्क नाही काय, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. पुढे तो खरोखर विसरला की नाही, हे दिग्दर्शकाने सांगितलेले नाही. मि-दो येऊन त्याला बिलगते. त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते आणि उमटता उमटता ते वेदनेत वाकते. आमच्या भाच्याचे म्हणणे, त्याला सारे आठवते आहे. आमचे म्हणणे अजून ठरलेले नाही.